गोडी म्हणजे भिंत

फकीराप्पा गवंडी पहिल्याच दिवशी म्हणाला,
"गोडी हाळाग्येती."
मला वाटलं, संसारातली म्हणतोय.

गोडी म्हणजे भिंत. हाळ म्हणजे नासलेली.
मनी म्हणजे घर, मनातलं नव्हे, कौलाचं.
आणि बागिल म्हणजे बाग नाही, दार,
हे कळेपर्यंत तीन दिवस
गुलाबाची कलमं हातात धरून
आम्ही दाराच्या मापावरून हुज्जत घालत होतो.

यवतमाळहून आलो, दोघंच,
फंडाचे पैसे आणि एक जुनी इस्त्री घेऊन.
काळ्या मातीची माणसं. तिथं उन्हाळ्यात
भेगेत चप्पल जाते.
इथं, जांबोटीच्या अलीकडे, कुदळ मारली की
खाली चिरा खणखणतो,
आणि ह्यांचे पांढरे बनियन आठवड्यात विटकरी.

"मराठीच मुलूख की हो," एजंट म्हणाला होता.
आहेच. पण शेजारची मळव्वा म्हणते,
"दूध उतू जाऊन सोडलं, कोंबडी पळून सोडली,"
आणि मला दर क्रियापदामागं
कुणीतरी काहीतरी सोडून गेल्यासारखं वाटतं.

उतारा कन्नडात. विजेचं बिल कन्नडात.
आमचं आडनाव त्यात
वेटोळं करून झोपलेल्या मांजरासारखं.
ह्यांनी त्यावर बोट ठेवून तलाठ्याला विचारलं,
"हे आम्हीच ना?"
त्यानं मान वर न करता सांगितलं, "इरबहुदु."
म्हणजे, असाल.

बाराशे कौलं उतरवली, चारशे फुटकी निघाली.
वाशांच्या खोबणीत एक वाळलेलं वटवाघूळ,
लॉटरीचं तिकीट, न लागलेलं किंवा न पाहिलेलं.

संत्र्याची तीन रोपं आणली होती
रेल्वेनं, मांडीवर बसवून.
एक वाळवीनं नेलं, एक मे महिन्यानं.
तिसऱ्याला जाळी बांधली, काटेरी तार ओढली,
तर रात्री गवा येऊन गेला.
सकाळी जाळी नाही, तार नाही,
तांबड्या मातीत ताटलीएवढे खूर, अगदी निवांत.
मळव्वा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
"सुरण लावा की ओ. कशाला ह्यो आंबट उद्योग."

फणसातला अर्धा वाटा तिचा.
कागदावर नाही. एकाआड एक फळ, कधीपासूनचं.
झाडाला माहीत होतं, आम्हालाच नव्हतं.

मागच्या दाराची चौकट इनास सुतारानं ठोकून पाहिली.
तळाशी भुसा.
वरचा निळा रंग खरवडला
तशा पेन्सिलीच्या रेघा दिसू लागल्या:
कुणा पोराची उंची.
कमरेपर्यंत तारखा मराठीत,
तिथून पुढं कन्नडात, शाळा बदलली असेल,
खांद्याच्या वर नुसत्या रेघा,
आणि माझ्या कपाळाशी शेवटची,
तिरकी, घाईची.

"सातेरीचा पोरगा तो," मळव्वा म्हणाली.
"गोव्याला गेला. जाऊन सोडला."

नवी चौकट आधीच आणली होती, सागाची, पॉलिशसकट.
ती गोठ्यात उभी आहे अजून.
इनासनं जुनीचे सडके पाय वीतभर कापले,
फणसाच्या लाकडाचे जोड दिले, खुंट्या मारल्या.
उंबरा उचलला होता, म्हणून जोड जरा लांब पडले.
तो पोरगा आता दोन बोटं उंच झालाय.
आला कधी, तर त्याला जुळायचं नाही.
सांगू. मराठीत सांगू, नाहीतर जमेल तसं.

न्हाणीघराची गोडी तेवढी राहिली आहे.
"नाळी बरतीनी," म्हणून फकीराप्पा गेला
त्याला तीन सोमवार झाले.
नाळी म्हणजे उद्या.
वहीत तरी मी तसंच लिहून ठेवलंय.